अध्यक्ष लिंकन आणि आमचा थळघाट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर चार वर्षांनीं अध्यक्षाची निवडणूक होते, आणि नवा अध्यक्ष गादीवर आला कीं त्याच्या पहिल्या आठवड्यांतील हुकुमांच्या याद्या आमच्याकडील वर्तमानपत्रांतूनही रकानेच्या रकाने भरून येतात. जकात वाढली कीं घटली, कोणते अधिकारी गेले व कोणते आले, मागच्या अध्यक्षाचे किती हुकूम रद्द झाले, याची चर्चा इगतपुरीच्या पेठेंत तांदुळाच्या पोत्यांवर बसूनही होते. या चर्चेंत दोन पक्ष नेहमीं दिसतात. एक म्हणतो, कीं वॉशिंग्टनांत कोणी कां बसेना, आमच्या तराजूचा कांटा त्यानें हलत नाहीं. दुसरा म्हणतो, कीं आतां सारें जग पालटलें. आमच्या मतें दोन्ही पक्ष घाई करतात. नव्या कारभारानें काय पालटतें, तें पालटलेलें किती दिवस टिकतें, आणि कोणती गोष्ट पुढच्या अध्यक्षाच्या एका सहीनें पुसली जाते, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यास १८६१ पासून १८६५ पर्यंत त्या गादीवर असलेल्या अब्राहम लिंकन याच्या चरित्राइतकें उपयोगी चरित्र दुसरें सांपडावयाचें नाहीं. इगतपुरीकरांस तर तें अगदींच परक्याचें वाटूं नये. लिंकनच्या कारभाराचीं वर्षें आणि आमच्या घाटांतील लोहमार्ग पुरा होण्याचीं वर्षें एकच आहेत, व त्या दोहोंस जोडणारा धागा कापसाचा आहे.

लिंकन याचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं केंटकी संस्थानांत लांकडी ओंडक्यांच्या एका खोपटांत झाला. बाप शेती करी व वेळप्रसंगीं सुतारकामही करी. त्यास आपली सही करण्यापलीकडे फारसें लिहितां येत नसे. पुढें हें कुटुंब इंडियाना प्रांतांत गेलें, व तेथें मुलगा नऊ वर्षांचा असतां त्याची आई वारली. सावत्र आई मायाळू निघाली, हें त्याचें भाग्य. पोराच्या वाचनाची तिनें पाठराखण केली. शाळेंत घालविलेले त्याचे सगळे दिवस एकत्र मोजले तरी वर्ष भरत नाहीं. बाकीची सारी विद्या त्यानें दिवसां कुऱ्हाड चालवून व मागून आणलेलीं पुस्तकें वाचून मिळविली. ऐन तारुण्यांत तो दोन वेळां तराफ्यावर माल भरून नदीनें न्यू ऑर्लिन्सपर्यंत गेला. त्या शहरांत गुलामांचा बाजार गुरांच्या बाजारासारखा उघड भरत असे.

आमच्या व्यापारी वाचकांनीं या चरित्राचें पुढचें पान विशेष लक्ष देऊन वाचावें. इलिनॉय संस्थानांतील न्यू सेलम या खेड्यांत लिंकननें एकाशीं भागींत किराणा दुकान घातलें. दुकान बुडालें, भागीदार मेला, आणि दोघांचेंही कर्ज एकट्या लिंकनच्या माथीं आलें. कर्जदारानें रातोरात दुसऱ्या प्रांतांत निघून जावें, ही त्या सरहद्दीवरची रोजची रीत होती. लिंकन गेला नाहीं. जमीन मोजण्याचें काम शिकून तो पोट भरूं लागला, तर एका सावकारानें त्याचा घोडा व मोजणीचीं उपकरणें यांवर जप्ती आणली. एका स्नेह्यानें लिलावांत तीं विकत घेऊन त्यास परत केलीं. पुढें कित्येक वर्षें तो तें कर्ज फेडीत होता, व शेवटचा हप्ता फिटेपर्यंत त्यानें तें नाकारलें नाहीं. हल्लीं पेढी बुडाली कीं घर बायकोच्या नांवें करून मोकळे होणारे लोक पाहिले म्हणजे या गोष्टीची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं.

१८३४ सालीं तो इलिनॉयच्या कायदेमंडळांत निवडून आला, स्वतःच्या अभ्यासानें वकील झाला, १८४२ त त्याचें लग्न झालें, आणि १८४७ पासून दोन वर्षें तो वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिसभेंत बसला. तेथें त्याचें फारसें नांव झालें नाहीं. परत येऊन त्यानें वकिली जोरांत चालविली. आगगाडीच्या गांवीं राहणाऱ्या आम्हां लोकांस हें सांगण्याजोगें आहे, कीं रेल्वे कंपन्यांच्या बाजूनें तो मोठमोठे दावे लढे. आणि एका कंपनीनें पांच हजार डॉलरांची फी देण्यास कांकूं केली तेव्हां त्याच कंपनीवर फिर्याद करून ती त्यानें वसूल केली.

राजकारणांत तो पुन्हां ओढला गेला तो १८५४ च्या एका कायद्यामुळें. पश्चिमेकडील नव्या मुलखांत गुलामगिरीस मर्यादा घालणारा १८२० चा तह त्या कायद्यानें मोडला, व नव्या वसाहतींनीं आपापल्या मतांनीं गुलाम ठेवावे किंवा न ठेवावे, असें ठरलें. माणूस विकण्याचा प्रश्न शेजाऱ्यांच्या बहुमतानें सुटावा, ही गोष्ट लिंकनला मान्य होण्यासारखी नव्हती. गुलामगिरीच्या विस्तारास विरोध करण्यासाठीं निघालेल्या रिपब्लिकन पक्षांत तो शिरला. १८५८ सालीं डग्लस या प्रसिद्ध पुढाऱ्याशीं गांवोगांव सात जाहीर वाद त्यानें केले, आणि सेनेटची जागा मात्र हरला. त्या वादांनीं तो देशभर माहीत झाला. तथापि एक गोष्ट येथेंच स्पष्ट केली पाहिजे. जेथें गुलामगिरी आहे तेथें तिला हात लावण्याचा अध्यक्षास अधिकार नाहीं, असें त्याचें तेव्हांचें मत होतें व तें त्यानें कधींही लपविलें नाहीं. नव्या मुलखांत तिचा शिरकाव होऊं द्यावयाचा नाहीं, एवढेंच त्याचें मागणें होतें.

६ नोव्हेंबर १८६० ची निवडणूक चौरंगी झाली. शंभर मतदारांपैकीं चाळिसांचींच मतें लिंकनला पडलीं. दक्षिणेंतील दहा संस्थानांत त्याच्या नांवाची मतपत्रिकाच नव्हती. परंतु अध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टरांच्या ३०३ मतांपैकीं १८० त्यास मिळालीं व तो अध्यक्ष ठरला. त्या काळीं निवडणूक नोव्हेंबरांत व गादीवर बसणें ४ मार्चला, असा चार महिन्यांचा रिकामा काळ मध्यें जाई. (ही तारीख २० जानेवारीवर आणण्याची घटनादुरुस्ती १९३३ सालीं झाली.) जुना अध्यक्ष बुकॅनन हातांवर हात ठेवून बसला होता, नव्याच्या हातीं कांहीं नव्हतें, आणि २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना संस्थान फुटून निघालें. मार्च उजाडण्यापूर्वीं सात संस्थानें बाहेर पडलीं व त्यांनीं आपला निराळा अध्यक्षही नेमला. लिंकननें अजून एका कागदावरही सही केली नव्हती. नवा कारभार देशास हलवितो तो पुष्कळ वेळां त्याच्या कृतीपूर्वींच, लोकांस त्याची जी आशा किंवा धास्ती वाटते तिच्या जोरावर हलवितो, हें येथें जितकें स्वच्छ दिसतें तितकें दुसरीकडे क्वचितच दिसेल. राजधानींत स्वतः नव्या अध्यक्षास खुनाच्या भीतीनें रात्रीं गुपचूप यावें लागलें.

गादीवर बसतांच पहिला हल्ला झाला तो नोकरी मागणाऱ्यांचा. पक्ष बदलला कीं पोस्टमास्तरापासून जकातदारापर्यंत सगळे बदलावयाचे, ही तेथील जुनी वहिवाट. आणि लिंकनही तिला अपवाद नव्हता. युद्ध दारांत उभें असतां अध्यक्षाच्या वाड्याचे जिने उमेदवारांनीं गच्च भरलेले असत, व त्याचा अर्धा दिवस त्यांत जाई. नगरपालिकेंत पक्ष पालटला कीं शिपाई व मुकादम यांच्या बदल्यांवरच ज्यांचें पहिलें वर्ष खर्ची पडतें, असे कारभारी आमच्याकडेही कमी नाहींत. त्यांनीं लिंकनच्या या दोषाचा आधार घेऊं नये, कारण त्याच्या गुणांचा आधार ते घेत नाहींत. मंत्रिमंडळ मात्र त्यानें विलक्षण निवडलें. आपल्याच पक्षांत अध्यक्षपदासाठीं जे त्याच्याविरुद्ध उभे होते, त्या सीवर्ड, चेस, बेट्स व कॅमेरॉन या चौघांसही त्यानें मंत्री केलें. पैकीं कॅमेरॉनचें खातें गैरकारभारानें बदनाम झाल्यामुळें त्यास काढावें लागलें. त्याच्या जागीं आलेला स्टँटन हा पूर्वीं लिंकनचा उघड उपहास करणारा वकील होता. हाताखालचा माणूस आपणास मानतो कीं नाहीं यापेक्षां त्यास काम येतें कीं नाहीं, हें त्यानें पाहिलें.

१२ एप्रिल १८६१ रोजीं समटर किल्ल्यावर तोफा सुटल्या, आणखी चार संस्थानें दक्षिणेस मिळालीं, आणि १९ तारखेस लिंकननें दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. हाच तो हुकूम, जो समुद्र ओलांडून आमच्या घाटापर्यंत आला.

इंग्लंडांतील गिरण्यांस लागणाऱ्या कापसाचा फार मोठा वांटा तोंपर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेकडून जात असे. ती वाट अडतांच लँकेशायरचें गिऱ्हाईक मुंबईच्या दारीं आलें, आणि मुंबईचे दलाल खानदेश-वऱ्हाडाच्या दारीं आले. योग असा, कीं १८६१ सालीं मुंबईकडून येणारा लोहमार्ग कसाऱ्यास येऊन थांबला होता, व त्याच वर्षीं घाटमाथ्यावर इगतपुरीपासून नाशिककडे गाडी सुरू झाली होती. मधला घाटाचा तुकडा तेवढा राहिला होता. म्हणजे वरून आलेली कापसाची गांठ इगतपुरीस आगगाडींतून उतरवावयाची, बैलगाडीवर चढवावयाची, घाट उतरून कसाऱ्यास पुन्हां आगगाडींत भरावयाची. थळघाटाचा पाऊस व चिखल आमच्या वाचकांस वर्णन करून सांगावयास नको. तरीही माल चालला, कारण भाव तिपटीहून वर गेला होता. मुंबईंत लोकांनीं गाद्या-उशा उसवून आंतील कापूस विकला असें सांगतात. बोगदे पाडण्याचें, दऱ्यांवर पूल बांधण्याचें काम दुसरीकडे चालूच होतें. सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ, आणि एहेगांवचा तो उंच पूल. १ जानेवारी १८६५ रोजीं घाटांतून गाडी सुरू झाली. थळघाटाचें नांव लिंकनच्या कानांवर कधीं गेलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण या घाटांतील गाडीवानाच्या भाड्याचा दर चार वर्षें त्याच्या आरमारानें ठरविला होता.

युद्धाच्या गर्दींत त्याच्या कारभारानें जे कायदे केले त्यांकडे लोकांचें लक्ष थोडें जातें. कसणाऱ्यास १६० एकर सरकारी जमीन पांच वर्षें वहिवाटीवर नांवें करून देण्याचा कायदा, समुद्रापासून समुद्रापर्यंत लोहमार्गास साह्य देण्याचा कायदा, आणि शेतकी व यंत्रविद्या शिकविणाऱ्या कॉलेजांस जमिनी देण्याचा कायदा हे तिन्ही १८६२ च्या उन्हाळ्यांतले. यांतील एकही कल्पना लिंकनची नव्हती. त्या सर्व वर्षानुवर्षें कायदेमंडळांत पडून होत्या, व दक्षिणेचे सभासद त्या अडवीत. ते सभासद उठून गेले, बांकें रिकामीं झालीं, आणि अडलेलें पाणी वाहूं लागलें. नव्या अध्यक्षाच्या नांवावर जमा होणाऱ्या पुष्कळ सुधारणा अशाच असतात. त्या आधीं कोणीतरी तयार करून ठेवलेल्या असतात, आणि त्याचें श्रेय एवढेंच, कीं वेळ आली तेव्हां तो सही करण्यास कचरला नाहीं.

गुलामगिरीच्या बाबतींत मात्र तो पुष्कळ कचरला, आणि आम्ही सुधारणेचा पक्ष घेणारे असल्यामुळें हें झांकून ठेवण्याचें आम्हांस कारण नाहीं. १८६१ त फ्रीमाँट या सेनापतीनें मिसूरींत बंडखोरांचे गुलाम मुक्त केले. लिंकननें तो हुकूम फिरविला. पुढच्या वर्षीं दुसऱ्या एका सेनापतीचाही असाच हुकूम त्यानें रद्द केला. गुलामगिरी ठेवूनही राष्ट्रास चिकटून राहिलेलीं केंटकीसारखीं सरहद्दीवरचीं संस्थानें हातचीं जातील, ही त्याची भीति होती. त्याच फेब्रुवारींत त्याचा बारा वर्षांहून लहान मुलगा तापानें गेला. घरांत दुःख, रणांत पराभव, आणि दोन्ही बाजूंचे लोक त्यास शिव्या देणारे. अखेर २२ सप्टेंबर १८६२ रोजीं त्यानें इशारा दिला व १ जानेवारी १८६३ रोजीं मुक्तीचा जाहीरनामा काढला. तो जाहीरनामा सेनापति या नात्यानें, युद्धाची गरज म्हणून काढलेला होता; बंडांत असलेल्या मुलखापुरताच तो लागू होता. सुमारें चाळीस लक्ष गुलामांपैकीं सरहद्दीवरच्या संस्थानांतील लोकांस त्याचा स्पर्शही झाला नाहीं. तरी पण सैन्य जसजसें पुढें सरकलें तसतशी मुक्तता पुढें सरकली, व युद्ध संपेपर्यंत एक लक्ष ऐंशीं हजारांच्या सुमारें कृष्णवर्णी लोक उत्तरेच्या सैन्यांत लढले.

यानंतरची हकीकत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. १८६४ च्या उन्हाळ्यांत प्रेतांचे ढीग पडत होते व विजयाचें चिन्ह नव्हतें. नोव्हेंबरांत निवडणूक होती, आणि लिंकनची खात्री झाली होती कीं आपण हरणार. त्यानें ऑगस्टांत फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरींतून पळून आलेल्या कृष्णवर्णी पुढाऱ्यास बोलावून विचारलें, कीं नवा अध्यक्ष येण्यापूर्वीं दक्षिणेंतील शक्य तितके गुलाम आमच्या हद्दींत काढून आणण्याची कांहीं योजना होईल काय. आपल्या जाहीरनाम्याची किंमत त्यास बरोबर ठाऊक होती. एका अध्यक्षानें काढलेला कागद दुसरा अध्यक्ष परत घेऊं शकतो. त्यांतून निसटलेला माणूस मात्र परत धाडणें कठीण. २३ ऑगस्टला त्यानें एक घडी घातलेला कागद मंत्र्यांपुढें ठेवला व न वाचतां त्याच्या पाठीवर सह्या घेतल्या. निवडणुकीनंतर तो उघडला गेला. हा कारभार बहुधा पुन्हां निवडून येणार नाहीं, आणि तसें झाल्यास नव्या अध्यक्षास हातीं धरून त्याच्या गादीवर येण्यापूर्वीं राष्ट्राची एकी वांचविणें आपलें कर्तव्य होईल, असा त्याचा आशय होता. यादवी युद्धांतही निवडणूक पुढें ढकलण्याचा विचार त्या माणसाच्या मनांत आला नाहीं, याचें मोल आमच्या मतें कोणत्याही विजयाहून कमी नाहीं.

सप्टेंबरांत अटलांटा पडलें, वारें फिरलें, आणि त्यानेंच काढून टाकलेला सेनापति मॅक्लेलन निवडणुकींत साफ हरला. इलेक्टरांचीं मतें २१२ विरुद्ध २१. जिंकल्यावर लिंकननें पहिली घाई केली ती आपला हुकूम घटनेंत घालण्याची. गुलामगिरी सर्वत्र बंद करणारी तेरावी दुरुस्ती सेनेटनें मंजूर केली होती, पण प्रतिनिधिसभेंत ती एकदां पडली होती. ३१ जानेवारी १८६५ रोजीं ती ११९ विरुद्ध ५६ मतांनीं, जेमतेम दोनतृतीयांश होऊन, पसार झाली. विरुद्ध पक्षाचीं कांहीं मतें मिळविण्यासाठीं नोकऱ्यांचीं आश्वासनें दिलीं गेलीं, हेंही खरें आहे. जिन्यावरची ती उमेदवारांची गर्दी शेवटीं अशी उपयोगी पडली! साधनशुचितेचा आग्रह धरणाऱ्यांस ही गोष्ट बोंचेल, आणि ती बोंचावीच. आम्ही तिचें समर्थन करीत नाहीं, परंतु त्या दिवशीं ती दुरुस्ती पडावयास हवी होती असें म्हणण्याचेंही धैर्य आमच्यांत नाहीं.

९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापति ली शरण आला. १४ एप्रिलच्या रात्रीं नाटकगृहांत बूथ नांवाच्या नटानें लिंकनवर गोळी झाडली, व दुसऱ्या दिवशीं सकाळीं वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं त्याचा अंत झाला.

त्याच्यामागें गादीवर आला तो अँड्र्यू जॉन्सन. हा दक्षिणेंतला, पूर्वीं दुसऱ्या पक्षाचा, निवडणुकींत एकीची शोभा म्हणून जोडीस घेतलेला. त्यानें बंडखोर जमीनदारांस सढळ हातानें क्षमा केली. सेनापति शर्मन यानें जानेवारींत हुकूम काढून साउथ कॅरोलायना व जॉर्जिया यांच्या किनाऱ्याची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांस चाळीस चाळीस एकर वांटली होती, व हजारो कुटुंबें ती नांगरूं लागलीं होतीं. वर्ष संपण्याच्या आंत जॉन्सननें त्या जमिनी जुन्या मालकांस परत देवविल्या. पण तेरावी दुरुस्ती त्यास फिरवितां आली नाहीं. ६ डिसेंबर १८६५ रोजीं ती घटनेचा भाग झाली. एकाच सरकारचीं एकाच जानेवारी महिन्यांतलीं हीं दोन कामें. जें हुकुमावर उभें होतें तें बारा महिने टिकलें नाहीं, आणि जें घटनेंत गेलें तें आजही आहे. घटनेंत गेलेलेंही आपोआप अंमलांत येत नाहीं, ही निराळी कटु कथा होय: १८७० च्या दुरुस्तीनें कृष्णवर्णियांस मताचा हक्क मिळाला, १८७७ त तो राखणारें सैन्य काढून घेतलें गेलें, आणि दक्षिणेंत तो हक्क खरोखर बजावतां येण्यास १९६५ चा कायदा यावा लागला.

इकडे मुंबईंत शांततेची वार्ता आकाशांतील कुऱ्हाडीसारखी पडली. १८६५ च्या आरंभीं त्या शहरांत एकतीस बँका व समुद्र भरून जमीन करणाऱ्या आठ कंपन्या निघाल्या होत्या. युद्ध संपणारच नाहीं अशा समजुतीनें १ जुलैचे वायदे झाले होते. अमेरिकेची बंदरें खुलीं होतांच कापूस कोसळला, शेअर कोसळले, प्रेमचंद रायचंदसारखा कुबेर बसला, डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखा विद्वान लोकसेवकही त्यांत नाडला गेला, आणि बाँबे बँकेस कुलूप लागलें. आमच्या घाटांतील गाडी तेव्हां नुकतीच सुरू झाली होती. व्यापारी बुडाले त्यांचीं नांवें पुस्तकांत आहेत. ज्या कुणब्यानें चढत्या भावाच्या भरंवशावर सावकाराचा कागद करून दिला, त्याचें नांव कोठेंच नाहीं. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जळूं लागल्या तेव्हां सरकारच्या चौकशींत या कापसाच्या तेजीचा उल्लेख आला, आणि १८७९ चा शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा त्या दंग्यांतून निघाला.

याच महाराष्ट्रांत त्या युद्धाचा निराळाच हिशेब मांडणारा एक मनुष्य होता. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें गुलामगिरी हें पुस्तक छापलें व तें अमेरिकेंतील सदाचारी लोकांस, त्यांनीं गुलामांस दास्यांतून मुक्त केल्याबद्दल, अर्पण केलें. मुंबईच्या शेअरबाजारानें त्या चार वर्षांत भाव पाहिला. जोतीरावांनीं चाळीस लक्ष माणसें पाहिलीं, आणि आमच्या शूद्रातिशूद्रांसाठीं तोच दाखला पुढें ठेवला. त्या अर्पणपत्रिकेंत लिंकनचें नांव नाहीं, त्याच्यामागून आलेल्या कोणत्याही अध्यक्षाचेंही नाहीं. तें अर्पण त्या देशाच्या लोकांस आहे.